बंद दारातून ऐकलेली चौकडी

रविवारी सकाळी दहा वाजले की मी आमच्या आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचो. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि पंखासुद्धा बंद. मे महिना असला तरी बंद. पंख्याच्या घरघरीत बारीकसारीक स्वर बुडून जातात हे एकदा लक्षात आल्यावर दुसरा इलाजच नव्हता. बनियन घामाने चिंब व्हायचं, पण बसायचो. दहा ते बारा या वेळात कुकर लावायचा नाही, मिक्सर तर नाहीच नाही, आणि बेल वाजली तर बायकोने पळत जाऊन जो कोण आला असेल त्याला हलक्या आवाजात वाटेला लावायचं, असा आमच्या घरात नियम होता. नियम अर्थात मी केलेला. कोपर स्टेशनजवळच्या वन बीएचकेमध्ये असला नियम चालवणारा माणूस किती ताठ असेल, याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल.

ऐकायचो काय, तर स्ट्रिंग क्वार्टेट. दोन व्हायोलिन, एक जरा मोठा व्हियोला आणि एक खर्जातला जाडजूड चेलो. चार माणसं अर्धवर्तुळात बसून वाजवतात, तबला नाही, तानपुरा नाही, काही नाही. बायको त्याला ‘तुमची चांडाळचौकडी’ म्हणायची. ‘बसा जाऊन तुमच्या चांडाळचौकडीत,’ म्हणायची आणि ओट्याकडे वळायची.

हा नाद मला लागला तो फुकटात. मी ठाण्याला एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. तिथे मशिनं बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता, दीडेक वर्ष राहिला. परत जाताना त्याने कॅसेटचं एक खोकं मागे ठेवलं. इंग्रजी गाणी असतील म्हणून सगळ्यांनी त्यावर झडप घातली, एक कॅसेट लावून पाहिली आणि पाच मिनिटांत तोंडं वाकडी करून निघून गेले. मी खोकं घरी आणलं. बघतो तर एकच रचना तीन वेगवेगळ्या कॅसेटींवर. मला वाटलं, गडी विसरभोळा असणार, एकच वस्तू तीनदा घेऊन बसला. मग तिन्ही ऐकल्या, आणि हैराण झालो. स्वर तेच, एकही इकडचा तिकडे नाही, कारण सगळं कागदावर लिहिलेलं असतं. तरी तिन्ही वेगळ्या. एकीतला मधला संथ लयीचा, मंद भाग तेरा मिनिटांत उरकलेला, दुसरीत तोच साडेसोळा मिनिटं चाललेला. अरे, लिहिलेलं तेच आणि साडेतीन मिनिटं आली कुठून?

झालं. पुढची तीस वर्षं मी त्या साडेतीन मिनिटांच्या मागे लागलो.

कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, मग सगळं मोबाइलवर आलं. रचनाही पुष्कळ गोळा झाल्या, पण फिरून फिरून मी त्याच एका रचनेकडे यायचो. पहिला संच, दुसरा संच, तिसरा संच, अशी तिन्ही कॅसेटींवरच्या वाजवणाऱ्यांना वहीत नावं दिलेली. मंद भाग पहिल्याचा ऐकायचा, मग दुसऱ्याचा, मग परत पहिल्याचा. ड्रॉइंग ऑफिसातला माणूस मी, दोन नकाशे एकमेकांवर ठेवून रेष कुठे हललीय ते बघायची सवय. तसंच हे.

आता माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे कान बैठकीत तयार झालेले. लहानपणापासून रेडिओवर शास्त्रीय संगीत, गणपतीत गावभरच्या मैफली. बैठकीत एक गवई असतो, तो मधे बसतो, आणि बाकीचे साथीला असतात. साथीदार कितीही मोठा असला तरी साथीदारच. तेव्हा मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की पहिला व्हायोलिन हा गवई आणि उरलेले तिघं साथीला. सूर वरचा, आवाज टोकदार, कान आपोआप त्याच्याकडेच जातो. माझ्या वहीत पानंच्या पानं त्या एका वाजवणाऱ्यावर आहेत. इथे मींड सुरेख, तिथे स्वर जरा चढा, इथे उगाच लाडात आलाय. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी बाकी तिघांसाठी मिळून दोन शब्द: साथ चोख.

बारा वाजता दार उघडून बाहेर यायचो. बायको ताटं घ्यायची. जेवताना मी निकाल जाहीर करायचो. ‘दुसऱ्या संचाला पहिल्याची सर नाही गं. काय वाजवतो तो! काळजाला हात घालतो.’ ती म्हणायची, ‘हं. आमटी वाढू?’ मला वाटायचं, हिला काय कळतंय यातलं. जगात कोणाला तरी सांगायचं, तर ही समोर आहे म्हणून सांगायचं. असं मला खरंच वाटायचं. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

अडीच वर्षांपूर्वी मुलीला मुलगी झाली. मुलगी आणि जावई बाळकुमला राहतात, त्या नव्या टॉवरांपैकी एकात, एकविसाव्या मजल्यावर. दोघंही नोकरीवाली. बायको बाळंतपणाला गेली ती सहा महिन्यांसाठी. सहाचे नऊ झाले, नऊचे अठरा. सुरुवातीला शनिवार-रविवार घरी यायची. मग नातीला तिची इतकी सवय लागली की ही दाराबाहेर पडली की रडून घर डोक्यावर घ्यायची. मग येणं महिन्यावर गेलं. मग मीच जायला लागलो.

‘तुम्हीच या की इकडे राहायला,’ ती म्हणाली होती. मुलगी म्हणाली, जावई तर दोनदा म्हणाला, बिचारा चांगला मुलगा आहे. पण जावयाच्या घरी जाऊन राहायचं? आमचे वडील मुलीच्या घरी पाणी पिताना चारदा विचार करायचे. मी तेवढा कर्मठ नाही, चहा-नाश्ता-जेवण सगळं हादडून येतो, पण माझा टॉवेल तिथल्या दोरीवर वाळत पडलाय हे काही मला झेपेना. ‘माझी ऐकायची सोय तिथे होणार नाही,’ असं कारण मी दिलं. तेवढंच बरं दिसत होतं.

आणि खरं सांगू? पहिला महिनाभर मी खूश होतो. हवं तेव्हा लावा, हवं तेवढं ऐका. सोमवारीसुद्धा रविवार. कुकरची भीती नाही, पोळीभाजीचा डबा गल्लीतल्या काकूंकडून येतो. घर असं शांत की खालच्या मजल्यावरचा नळ ऐकू यायचा.

मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी ऐकतच नाहीये. पंखा बंद करून बसायचो, संच लावायचो, आणि मंद भाग संपून पुढचा सुरू झाला तरी मला पत्ता नसायचा. पहिल्याचं ऐकून दुसऱ्याचं लावायचं तर वाटायचं, कशाला? निकाल लागला तरी सांगायचा कुणाला? एकदा बारा वाजता सवयीने उठलो, दार उघडून बाहेर आलो आणि ‘अगं, आज तर...’ इतकं बोलूनही गेलो. समोर डबा. त्या दिवशी डबा तसाच ठेवला आणि पडून राहिलो. आपल्यालाच आपली कीव यावी इतका वाईट रविवार होता तो.

मी कोणाशी बोललो नाही. बोलायला होतं कोण? बिल्डिंगीतले जुने लोक मुलांकडे पुण्याला, नाहीतर वर. वाण्याशी दोन वाक्यं, डबेवाल्या काकूंशी एक. दिवसदिवस माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. मी एकटा पडलो होतो. दुसरा शब्द नाही त्याला.

या जूनमध्ये नात प्लेग्रुपला जाणार असं कळलं आणि मी ठरवलं की आता बायकोला घरी आणायचं. सकाळचे तीन तास पोर बाहेर, उरलेल्या वेळाला एक बाई ठेवा, सुटसुटीत. पुष्कळ झालं आता. आरशासमोर उभं राहून मुद्दे पाठ केले. ‘मला करमत नाही’ हा मुद्दा मात्र मी त्यात घेतला नव्हता. साठी ओलांडलेल्या माणसाने असं बोलायचं असतं का, असा माझा ताठा.

माणकोलीचा पूल झाल्यापासून आमच्याकडून बाळकुम म्हणजे पाऊण तास. गाडी केली आणि बुधवारी दुपारी पोचलो, मुद्दामच, मुलगी-जावई ऑफिसात असताना. किल्ली माझ्याकडे असते. पोर झोपलं असेल म्हणून बेल न वाजवता दार उघडलं.

आतून बायकोचं गुणगुणणं ऐकू आलं. नातीला मांडीवर घेऊन थोपटत होती. गुणगुणणं म्हणजे अंगाई नव्हे. खालच्या सुरातली एक संथ चाल, दोन पायऱ्या वर जायची, थांबायची, परत खाली उतरायची. मी दारातच उभा राहिलो. छान होती चाल. ओळखीची वाटेना.

पोर झोपलं. तिने त्याला पाळण्यात ठेवलं आणि मला बघून दचकलीच. ‘अग्गोबाई! फोन तरी करायचा!’

‘काय म्हणत होतीस गं? कुठलं गाणं?’

‘कुठलं काय? तुमचंच की.’

‘माझं?’

‘तुमच्या चौकडीचं. ते हळू असतं ना, मधलं.’

मी हसलो. तिला म्हटलं, काहीतरीच काय, मी तीस वर्षं ऐकतोय, असली चाल त्यात नाही. ती म्हणाली आहे. मी म्हणालो नाही. पाळण्याशेजारी आमचं कुजबुजत भांडण सुरू झालं. शेवटी मी पिशवीतून मोबाइल काढला, पाण्याचा पेलाही न घेता सोफ्यावर बसलो आणि इअरफोनचं एक टोक तिच्या कानात दिलं, एक माझ्या. वायर तोकडी. खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. इतकं जवळ आम्ही कधी बसलो होतो ते आठवायला लागलं असतं. मी मंद भाग लावला. गवई सुरू झाला, माझा पहिला व्हायोलिन, वरच्या पट्टीत. मी तिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

‘थांबा हो,’ ती म्हणाली. ‘त्या वरच्याकडे नका लक्ष देऊ. खाली ऐका. आता येईल... हं. हा बघा.’

आणि आला. व्हियोला. व्हायोलिनचीच थोरली बहीण म्हणा, आवाज जरा घोगरा, मधला. दोन पायऱ्या वर गेला, थांबला, खाली उतरला. अख्खी चाल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्या टोकदार सुराच्या खाली तीस वर्षं चालू होती आणि मी वहीत लिहीत होतो, साथ चोख.

‘हे तुला कसं ऐकू आलं?’ मी विचारलं.

‘तुमचं दार बंद असायचं ना,’ ती म्हणाली. ‘बंद दारातून बारीक आवाज कुठे येतो? जाड तेवढा येतो. मला तर वाटायचं हेच गाणं आहे. वरचा तो कुणीतरी मधेमधे कुईकुई करतोय.’

कुईकुई! माझा काळजाला हात घालणारा गवई! मी चिडलोसुद्धा. ‘तीनपैकी हा संच कुठला ते ओळख बघू,’ म्हटलं. असल्या परीक्षा घ्यायची मला फार हौस.

‘हे खुर्चीवाले,’ ती लगेच म्हणाली.

‘कोण?’

‘यात खुर्ची वाजते एकाची. पुढे. तो जाडं वाद्य वाजवणारा हलतो वाटतं.’

मी पुढे सरकवलं. वाजली खुर्ची. तिसरा संच, तीन मिनिटं चाळीस सेकंद. मी वहीत त्याला ‘रेकॉर्डिंगमधला दोष’ लिहिलंय. मग मी तिला डोळे मिटायला लावून दुसरे लावले, उलटसुलट लावले, मधूनच लावले. ती दोन सूर ऐकून सांगायची. ‘हे घाईवाले. यांना कुठेतरी जायचं असतं.’ ‘हे रडके. हे लागले की मी कणीक मळायला घ्यायची, संपेपर्यंत मळून व्हायची.’ मग मी शेवटचा डाव टाकला. महिन्याभरापूर्वी एक चौथा संच मला सापडला होता, तो तिने ऐकलेलाच नव्हता. लावला. ती बराच वेळ ऐकत राहिली, कपाळाला आठी.

‘हे आपल्याकडचे नाहीत,’ ती म्हणाली.

आपल्याकडचे! सातासमुद्रापलीकडची ती माणसं, त्यातली निम्मी मेलेलीसुद्धा असतील, आणि ही म्हणतेय आपल्याकडचे. मला हसू आलं. मग आम्ही तासभर भांडलो. ती म्हणाली घाईवाल्यांचा व्हियोला सगळ्यांत चांगला, तो घाई करत नाही, तो एकटाच शहाणा. मी म्हटलं शक्यच नाही. परत लावून ऐकलं. होता की खरंच. मी पुढचा मुद्दा काढला, तोही तिने खोडला. गेल्या अडीच वर्षांत माझा इतका चांगला तास गेला नव्हता. अडीच कशाला, त्याच्या आधीही नाही.

त्या भरातच मी बोललो. पाठ केलेले मुद्दे सगळे विसरलो. प्लेग्रुप नाही, बाई नाही. ‘घरी चल गं,’ म्हटलं. ‘मला करमत नाही. एकट्याला खायला उठतं घर. आता दार नाही लावणार. आत बस माझ्याजवळ, दोघं मिळून ऐकू.’

तिने कानातलं टोक काढलं, वायर बोटाभोवती गुंडाळत बसली. मला वाटलं, आता म्हणेल, बघू. ती नेहमी बघू म्हणते.

‘नाही यायचं मला,’ ती म्हणाली.

‘पोरीसाठी?’

‘नाही. ती राहील बाईजवळ.’ मग म्हणाली, ‘रागावू नका. त्या घरात मला फार एकटं वाटायचं हो.’

‘अगं, मी होतो ना घरात!’

‘तुम्ही होतात म्हणूनच,’ ती म्हणाली. ‘पहिलीपहिली काही वर्षं मला वाटायचं, आज म्हणाल, ये, बस. मी आवरून ठेवायची सगळं दहाच्या आत. मग ते वाटणं थांबलं. मग मी माझं माझं ऐकायला लागले.’

ती रागात बोलत नव्हती. रागात बोलली असती तर मी तोंड दिलं असतं, माझं तोंड काही कमी नाही. पण ती साधं सांगत होती, उद्या भाजी काय करायची ते सांगावं तसं. मी माझं अडीच वर्षांचं एकटेपण घेऊन आलो होतो तिच्याकडे, आणि तिच्याकडे तीस वर्षांचं होतं, आणि तिने ते कधी मला दाखवलंही नव्हतं. मी ‘चुकलं माझं’ म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. तिने मान हलवली. पण बेत बदलला नाही.

‘इथे बरं वाटतं मला,’ ती म्हणाली. ‘खाली बायकांचा ग्रुप आहे. मुलगी बोलते, जावई बोलतो, ही चिमुरडी तर दिवसभर बोलते. तुम्ही येत जा. राहायला या म्हटलं तर तुमचा मान आड येतो, तो तुमचा तुम्ही बघा.’

तिने चहा केला. मी पाळण्याकडे बघत चहा प्यालो. मोबाइलवर गाडी बोलावली, ती वीस मिनिटांवर दाखवत होती. कप ठेवायला उठलो तर तिने आपला फोन माझ्यासमोर धरला.

‘हे सगळं माझ्यावर टाकून द्या,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘तुमची चौकडी. तिन्ही. तो चौथापण टाका, बघते सवय होते का. दुपारी ही झोपली की मला दीड तास मिळतो.’

मी टाकून दिली. एकेक करून पाठवावी लागली, तिच्या फोनमध्ये जागा कमी, तिथले शंभरेक ‘सुप्रभात’ आधी पुसले. तिला कुठे दाबायचं ते दाखवलं, तिने ते एकदाच बघून लक्षात ठेवलं. मग टीव्हीखालच्या खणातून जावयाचे जुने इअरफोन काढले, दोन्ही टोकं दोन्ही कानांत घातली, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि डोळे मिटले. तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू हलायला लागला. व्हायोलिनबरोबर हलत नव्हता, एवढं आता मलाही कळत होतं.

खाली गाडी येऊन थांबल्याचा मेसेज आला. चपला घालून मी दारात उभा राहिलो.

‘कुठले लावलेस गं?’ मी विचारलं.

तिला ऐकू गेलं नाही.